फॉसबेरीचे रिव्हॉल्व्हर आणि औरंगाबादची छावणी

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि त्याच्या भोवतीचा मुलूख जुन्या शस्त्रांच्या बाबतीत संपन्न आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आजही आपल्या बुरुजावर आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याच्या मस्तकाचा आकार दिलेला असून तिच्यावरील फारसी लेखात औरंगजेबाचे नाव कोरलेले आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा इंग्रज सेनापती वेलस्लीने पराभव केला, तेव्हा शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. शहरातील छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात जुन्या पैठणीबरोबर आणि औरंगजेबाने स्वहस्ते लिहिल्याचे सांगितल्या जाणाऱ्या कुराणाबरोबर युद्धात अंगावर चढवायचे चिलखतही पाहायला मिळते. या ठेव्याची ओळख मुख्यतः तलवार, ढाल, चिलखत आणि तोफ यांनी घडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी याच शहराच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला जी काडतुसी रिव्हॉल्व्हरे असत, त्यांचा इतिहास मात्र वस्तूंपेक्षा कायद्याच्या कलमांतून आणि खटल्यांच्या कागदांतून अधिक वाचावा लागतो. असे का झाले याचा शोध घेण्यासाठी त्या काळातील एका दुर्मीळ ब्रिटिश रिव्हॉल्व्हराचा माग काढणे उपयोगी ठरते, कारण त्याचा निर्माता हिंदुस्थानातच घडलेला सैनिक होता.

शस्त्र जपून ठेवणे ही गोष्ट मराठी समाजाला नवी नाही. राजेरजवाड्यांकडे आणि मातबर सरदारांकडे शिलेखाना, म्हणजे शस्त्रांचे कोठार, असे. गावोगावच्या देशमुख-पाटलांच्या वाड्यांत तलवार, पट्टा, कट्यार आणि ठासणीची बंदूक देवघराशेजारी किंवा माजघराच्या भिंतीवर असे, आणि आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, त्यांची पूजा होई. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीत पुढून दारू आणि गोळी घालून ती गजाने ठासावी लागते अशी बंदूक. या शस्त्रांचे मूल्य घराण्याच्या पराक्रमाशी आणि वतनाशी बांधलेले होते. निरनिराळ्या कारखान्यांची, निरनिराळ्या रचनेची शस्त्रे केवळ त्यांच्या दुर्मीळपणासाठी आणि यंत्रकौशल्यासाठी जमवणे हा छंद वेगळा. त्याला खरेदीविक्रीची मोकळीक, नोंदी आणि तज्ज्ञांचे वर्तुळ लागते. हैदराबाद संस्थानात असा संग्रह करण्याची ऐपत प्रामुख्याने बड्या उमरावांकडेच होती. अजिंठा गाव ज्यांच्या जहागिरीत होते त्या सालारजंग घराण्यातील तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, यांच्या संग्रहातून १९५१ मध्ये हैदराबादचे सालारजंग संग्रहालय उभे राहिले, आणि त्यात शस्त्रांचे स्वतंत्र दालन आहे. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर जमवून १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहातही शस्त्रांना जागा आहे. हे दोन्ही संग्रह काडतुसी हत्यारांसाठी उभे राहिले नव्हते, आणि ते तसे उभे राहणे त्या काळात सोपेही नव्हते.

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमाखाली चालणारी आणि निजामाच्या महसुलातून पोसली जाणारी एक फौज होती. १८५३ च्या तहानंतर ती हैदराबाद कंटिन्जंट या नावाने ओळखली गेली, आणि तिचा खर्च भागवण्यासाठी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, अशी तिची ठाणी मराठी मुलुखात पसरलेली होती. तिच्या घोडदळात शिलेदारी पद्धत चाले, म्हणजे स्वार आपला घोडा व सरंजाम स्वतः आणी आणि त्या हिशेबाने पगार घेई. त्यामुळे शस्त्र हे काही अंशी शिपायाच्या स्वतःच्या मालकीचे होते. जून १८५७ मध्ये औरंगाबादेत असलेल्या या फौजेच्या पहिल्या घोडदळ पलटणीत, आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार या शंकेने उठाव झाला. जमादार मीर फिदा अली यांनी आपल्या इंग्रज कप्तानावर गोळी झाडली आणि त्यांना फाशी देण्यात आले. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आल्यावर आणखी शिपायांना प्राणदंड झाला. आजच्या क्रांती चौकातील काळा चबुतरा ही त्या शिक्षांची जागा म्हणून ओळखली जाते.

१८५७ नंतर हिंदुस्थानातील शस्त्राचा अर्थच बदलला. लोकांना निःशस्त्र करण्याचे कायदे तातडीने झाले, आणि १८७८ मध्ये लिटन व्हाइसरॉय असताना आलेल्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरवला. त्याच्या नियमांत युरोपीयांना मोठ्या सवलती होत्या, म्हणूनच राष्ट्रीय सभेने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा होता आणि निजामाच्या राज्यात दरबाराचा अंमल होता. तरीही परदेशी बनावटीची बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर समुद्रमार्गे येणार ते इंग्रजांच्याच बंदरातून, त्यामुळे संस्थानी प्रजेलाही त्या दारातूनच जावे लागे. संग्राहकाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे. युरोपात ज्या दशकांत जुनी आणि नवी हत्यारे हौसेने विकत घेतली जात होती, त्याच दशकांत इथे शस्त्र जवळ असणे हेच संशयाचे कारण बनले होते.

छावणीतील इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट निराळी होती. त्याला कमरेचे हत्यार स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे, आणि अट एवढीच असे की त्यात सरकारी काडतूस बसले पाहिजे. १८५७ मध्ये कोल्ट आणि अ‍ॅडम्स यांची रिव्हॉल्व्हरे अशाच खाजगी खरेदीतून हिंदुस्थानात आलेली होती. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे रिव्हॉल्व्हर अधिकृतपणे स्वीकारले, आणि पुढे .४५५ इंच हे माप रूढ झाले. हे आकडे नळीचा व्यास दाखवतात. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे दुकान निघाल्यावर अधिकाऱ्यांना लागणारा सारा सरंजाम तिथे मिळू लागला. काळा घोडा परिसरातील त्यांची दगडी इमारत अजून उभी आहे. या दुकानांनी विकलेल्या अनेक शस्त्रांवर कारखान्याच्या नावाबरोबर विक्रेत्याचेही नाव कोरलेले असते, आणि आजचा अभ्यासक त्या कोरीव अक्षरांवरूनच एखाद्या हत्याराचा प्रवास जुळवू पाहतो.

या खाजगी खरेदीच्या बाजारासाठीच जे सर्वांत विलक्षण ब्रिटिश रिव्हॉल्व्हर तयार झाले ते वेब्ली-फॉसबेरी. जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी हा बंगाल सैन्यातील अधिकारी होता. वायव्य सरहद्दीवरील अंबेला मोहिमेत ३० ऑक्टोबर १८६३ रोजी शत्रूने बळकावलेले एका सुळक्यावरील ठाणे परत घेणाऱ्या तुकडीचे नेतृत्व केल्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आघाडीवर लढणारा हा माणूस मनाने यंत्रज्ञ होता. आदळताच फुटणाऱ्या बंदुकीच्या गोळ्यांवर त्याने प्रयोग केले होते, आणि १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपीय राष्ट्रांनी एकत्र येऊन युद्धात वर्ज्य ठरवल्या त्या याच जातीच्या गोळ्या. शोधक बुद्धी युद्धाच्या सेवेत लागली की कोठवर जाते याची नोंद अशा चरित्रात ठेवायलाच हवी. १८७७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने पॅराडॉक्स नावाची रचना सिद्ध केली. तिच्यात बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असून फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा असतात, त्यामुळे एकाच बंदुकीतून छर्रेही उडवता येतात आणि मोठ्या जनावरासाठी नेमकी गोळीही. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ही बंदूक बाजारात आणली आणि हिंदुस्थानातील शिकाऱ्यांत ती विशेष लोकप्रिय झाली.

त्याच्या रिव्हॉल्व्हराचे एकस्व, म्हणजे पेटंट, १८९५ चे आहे. साध्या रिव्हॉल्व्हरात काडतुसांचे सिलिंडर फिरवण्याचे आणि घोडा मागे खेचण्याचे काम नेमबाजाचे बोट करते. चाप ओढताना लागणारा हा जोर नेम हलवतो. गोळी सुटताना मागे बसणारा जो धक्का एरवी मनगट सहन करते, त्यालाच फॉसबेरीने कामाला लावले. त्याच्या रचनेत नळी, सिलिंडर आणि त्यांना धरणारा वरचा सांगाडा हा एक भाग, आणि मूठ व चाप असलेला खालचा सांगाडा हा दुसरा. गोळी सुटली की धक्क्याने वरचा भाग खालच्यावरून मागे सरकतो आणि घोडा चढवतो, मग स्प्रिंगच्या जोरावर पुन्हा पुढे येतो. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावर नागमोडी खाचा कापलेल्या असतात आणि खालच्या सांगाड्यातून वर आलेली एक स्थिर खुंटी त्या खाचांतून धावते. भाग मागे जाताना सिलिंडर एका घराच्या निम्म्याने फिरते, पुढे येताना उरलेल्या निम्म्याने, आणि नवे काडतूस नळीसमोर येऊन थांबते. एकदा हाताने वरचा भाग मागे ओढून यंत्र सज्ज केले की पुढे दर वेळी चाप हलकेच दाबणे एवढेच उरते. दर गोळीला चाप दाबावा लागतो पण पुढची गोळी यंत्र स्वतः तयार ठेवते, अशा शस्त्राला अर्धस्वयंचलित म्हणतात. त्या काळात ही कल्पना सपाट मुठीत काडतुसांची पेटी बसवलेल्या पिस्तुलांत रुजत होती. फॉसबेरीने ती रिव्हॉल्व्हरात आणली, आणि रिव्हॉल्व्हरात क्वचितच आढळणारा सुरक्षेचा खटकाही त्याला द्यावा लागला, कारण यंत्र चढवलेल्या स्थितीत कमरेला लावणे धोक्याचे होते.

वेब्ली अँड स्कॉट कारखान्याने १९०१ पासून हे रिव्हॉल्व्हर बनवले. सहा गोळ्यांचे .४५५ मापाचे नमुने अधिक, आणि आठ गोळ्यांचे .३८ मापाचे फार थोडे. सर्व मिळून संख्या पाच हजारांच्या आतच राहिली. वॉल्टर विनान्स या नामांकित नेमबाजाने १९०२ मध्ये बारा पावलांवरून दोन इंचांच्या वर्तुळात सुमारे सात सेकंदांत सहा गोळ्या बसवून त्याची कीर्ती पसरवली. ब्रिटिश सैन्याने मात्र ते अधिकृतपणे कधीच स्वीकारले नाही. ते जड होते, महाग होते, आणि धक्क्यावर चालणारे असल्यामुळे मनगट घट्ट नसेल तर वरचा भाग पुरता मागे जात नसे. त्याहून मोठा दोष खाचांचाच होता: ज्या उघड्या नागमोडी खाचांमुळे त्याचे सिलिंडर फिरे, त्यांतच चिखल आणि धूळ भरली की ते अडे. पहिल्या महायुद्धात ज्या अधिकाऱ्यांनी ते स्वतःच्या हौसेने नेले, त्यांना फ्रान्समधील खंदकांत हे कळून चुकले.

या युद्धात औरंगाबादच्या छावणीचाही वारसा होता. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाडचा कायमचा भाडेपट्टा करून घेतला, १९०३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली, आणि १८५७ मध्ये औरंगाबादेत उठाव करणारी पहिली घोडदळ पलटण विसावी डेक्कन हॉर्स या नावाने नव्या यादीत दाखल झाली. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूड या रानाजवळ या पलटणीने मशीनगनच्या युगात भाले उचलून हल्ला केला. दख्खनी पलटणीच्या या इतिहासात वेब्ली जातीचे रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्याच्या कमरेला, भाला स्वाराच्या हाती, आणि ते दोन्ही मशीनगनच्या समोर, असे शस्त्रांचे तीन काळ एका दिवसात एकत्र आलेले दिसतात. एवढे असूनही आपल्या शालेय इतिहासात या पलटणीचा आणि औरंगाबादचा संबंध सांगितला जात नाही, ही उणीव भरून निघायला हवी.

आपोआप भरणारे हातातले हत्यार औरंगाबादच्या इतिहासात आणखी एका वाटेने आले, आणि ती वाट छावणीच्या नेमकी विरुद्ध दिशेची होती. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात जन्मलेला अनंत लक्ष्मण कान्हेरे हा तरुण शिक्षणासाठी औरंगाबादेत राहत असताना क्रांतिकारकांच्या गुप्त वर्तुळात आला. १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन या तिथल्या इंडिया हाउस वसतिगृहातील स्वयंपाक्याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राऊनिंग पिस्तुले हिंदुस्थानात धाडली होती. बेल्जियममध्ये तयार होणारी ही पिस्तुले अर्धस्वयंचलित, चपटी आणि कपड्यांत सहज लपणारी होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह त्यांना फाशी झाली. एकाच दशकात दोन अर्धस्वयंचलित यंत्रे, एक बर्मिंगहॅमची आणि एक बेल्जियमची, राज्यकर्त्यांच्या आणि त्यांना उलथवू पाहणाऱ्यांच्या हाती होती. पहिल्याची पावती दुकानात होती, दुसऱ्याची नोंद खटल्याच्या कागदांत झाली. खटल्यातील वस्तू म्हणून जप्त झालेले हत्यार संग्राहकाच्या कपाटात जात नाही, आणि मायदेशी परतणाऱ्या अधिकाऱ्याला आपले हत्यार इथे ठेवून जाण्याचे कारण नव्हते.

संस्थानाचा शेवट झाला तेव्हाही शस्त्रांचा प्रश्न असाच सत्तेच्या हाती राहिला. १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक विमानांतून हैदराबादेत चोरून शस्त्रे आणत होता; तरीही निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याकडेच आधुनिक शस्त्रे होती आणि बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका व तलवारी. सप्टेंबरच्या लष्करी कारवाईत औरंगाबाद भारतीय सैन्याने ताब्यात घेतले. अशा उलथापालथीनंतर घरातल्या जुन्या बंदुकीला ऐतिहासिक वस्तू म्हणून पाहण्याची सवड कोणालाच नव्हती.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा, आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकाला त्यातील ४५ वे कलम महत्त्वाचे आहे: जुनाट बनावटीचे, पुराणवस्तूचे मूल्य असलेले किंवा नादुरुस्त असे जे शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे सवलत केवळ वयाला नाही. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षे जुन्या वस्तूला पुराणवस्तू मानून ती खाजगी व्यक्तीने देशाबाहेर नेण्यास बंदी केली, परंतु शंभरी ओलांडलेले रिव्हॉल्व्हर चालण्याजोगे असेल तर परवान्याची अट सुटत नाही. इतर देशांतही ‘पुरातन’ची रेषा अशीच कायद्याने आखलेली आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले हत्यारच पुरातन ठरते, त्यामुळे १९०१ ची वेब्ली-फॉसबेरी अगदी थोडक्यात त्या रेषेबाहेर राहते. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये खाजगी पिस्तुलांवर बंदी आली, तेव्हा १९१९ पूर्वीच्या ऐतिहासिक हत्यारांसाठी कडक अटींचा स्वतंत्र मार्ग ठेवण्यात आला. भारतात परवानाधारकाला तीनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येणार नाहीत असे १९८३ मध्ये ठरले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली. वारसाहक्काने आलेली शस्त्रेही तिच्यात मोजली जातात.

ही मर्यादा घालण्यामागे सार्वजनिक सुरक्षिततेचा विचार आहे आणि तो रास्त आहे. मात्र तिचा एक परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेतला पाहिजे. ज्या घरात आजोबांच्या काळापासून तीन शस्त्रे आहेत, तिथे शेतीच्या राखणीला किंवा संरक्षणाला लागणारे हत्यार ठेवून जुने जमा करण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. जमा होण्यापूर्वी त्यावरील कारखान्याचे नाव, बर्मिंगहॅमच्या तपासणी घराची मुद्रा, सांगाड्यावरचा अनुक्रमांक आणि विक्रेत्याचे किंवा पहिल्या मालकाचे कोरलेले नाव यांची छायाचित्रे व टिपणे घेतली, तर हत्यार घरात न राहताही त्याचा इतिहास राहू शकतो. ब्रिटिश अधिकाऱ्याने संस्थानी अंमलदाराला दिलेली भेट, शिकारीसाठी घेतलेली पॅराडॉक्स, छावणीच्या लिलावातून आलेले वेब्ली, असा कोणताही धागा या चार खुणांतूनच हाती लागतो. मराठवाड्यातील घराण्यांच्या दप्तरांची आणि मोडी कागदांची नोंद करण्याचे काम अनेक अभ्यासकांनी निष्ठेने केले आहे. तशीच नोंद परवान्याच्या जुन्या पुस्तिकांची आणि त्यांत लिहिलेल्या हत्यारांची झाली, तर हैदराबाद संस्थानाच्या या भागात कोणाला, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी शस्त्र बाळगू दिले गेले, हे कायद्याच्या कलमांपेक्षा अधिक स्पष्ट दिसेल.